रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही? आधी सील बघ, जेट नंतर

पत्र थोडक्यात असं आहे: "मी २७ वर्षांची. गाडी चांगली चालवते, हातात पाना धरायला आवडतं, पण इंजिन कधी उघडलेलं नाही. एक जुनी सिंगल सिलेंडर टू-स्ट्रोक बघून आले. नऊ वर्षं शेडमध्ये उभी होती, दोन महिन्यांपूर्वी मालकांनी परत चालू केली. ते म्हणतात इंजिन अनटच आहे, नुसता कार्बोरेटर साफ केला की पळेल. मी गेले तेव्हा गाडी चालूच होती, धूर भरपूर होता आणि रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नव्हतं. मित्र म्हणतो घेऊन टाक, मोठा जेट टाकू, सायलेंसरमधली नळी काढू, पिकअप येईल, आणि तो ऑइल पंप काढून सरळ पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू. घेऊ का? आणि घेतली तर सुरुवात कुठून करू? मला तू म्हटलंत तरी चालेल."

तू म्हणायला सांगितलंयस म्हणून तूच म्हणतो. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीयेस, रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नव्हतं, हे. मालकांचं अनटच आणि मित्राचा मोठा जेट (जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं तोंड) दोन्ही जरा बाजूला ठेव आणि आधी हे समजून घे, कारण गाडी घ्यायची का, केवढ्याला घ्यायची आणि घेतल्यावर पहिला नट कुठला खोलायचा, या तिन्हीचं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

टू-स्ट्रोकचा खालचा भाग, म्हणजे जिथे क्रँक फिरतो तो डबा, हा पंपाचं काम करतो. पिस्टन वर गेला की त्या डब्यात ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल आत येतं, पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन बाजूच्या पोर्टांमधून, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून, वर सिलेंडरमध्ये जातं. फोर-स्ट्रोकला खाली नुसतं तेल, तिथलं सील गेलं तर फार तर तेल गळेल, जमिनीवर डाग पडेल. इथे सील गेलं की पंपच फुटका झाला. आणि क्रँकला अशी दोन ऑइल सील असतात, एक मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरचं वीज तयार करणारं चुंबकाचं चाक) बाजूला आणि एक क्लचच्या बाजूला. रबराची पातळ कड क्रँकवर टेकलेली असते, ती वर्षानुवर्षं एकाच जागी कोरडी टेकून राहिली की कडक होते, आणि मग इंजिन फिरायला लागलं की तिथून हवा आत शिरायला लागते.

मॅग्नेट बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, कार्बोरेटरला तिचा पत्ताच नसतो, त्यामुळे तो तेवढंच पेट्रोल देत राहतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन जेवढं फिरतं ते, आपोआप चढतो, रेस सोडली तरी आवाज रेंगाळतो, इंजिन नको तेवढं तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोलच क्रँकला आणि पिस्टनला गार ठेवत असतं त्यामुळे ते कमी पडलं की पिस्टन फुगून बोअरमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या गोल भोकात, अडकतो. क्लच बाजूचं गेलं तर हवेऐवजी गिअरबॉक्समधलं तेल ओढलं जातं. ते जळून दाट पांढुरका धूर येतो, कितीही वेळ चालवली तरी कमी होत नाही, बाहेर तेलाचा एक थेंब दिसत नाही आणि गिअर ऑइलची पातळी मात्र उतरत जाते.

तुझ्या वर्णनात दोन्ही खुणा आहेत, पण लगेच निकाल देऊ नको. नऊ वर्षं उभ्या गाडीच्या सायलेंसरमध्ये आणि खालच्या डब्यात जुनं ऑइल साठलेलं असतं, ते जळून जाईपर्यंत पंधरावीस मिनिटं धूर येणारच. रेस रेंगाळायला रेसची केबल अडकत असेल, कार्बोरेटरचा स्लाइड नीट खाली बसत नसेल, पायलट जेट तुंबला असेल, नाहीतर कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधलं रबर चिरलं असेल, अशीही कारणं असतात. ती सगळी स्वस्तातली, म्हणून सीलच गेलंय असं ठरवायच्या आधी तीही मनात ठेव.

मी हे इतकं ठासून सांगतोय कारण मी ही चूक केलीय. माझ्या पहिल्या टू-स्ट्रोकचा प्लग पांढराफटक यायचा, लीन आहे असं कळत होतं, म्हणून मी मेन जेट वाढवत गेलो, एक मोठा, मग त्याहून मोठा. खालून गाडी घुटमळायला लागली, वरून प्लग जरा बरा दिसायला लागला, मला वाटलं जमलं. मग एका लांब चढावर, ऊन, तिसरा गिअर, रेस जवळजवळ पूर्ण, आणि इंजिनाचा आवाज एकदम आवळल्यासारखा झाला, कोणीतरी मागून धरल्यासारखी गाडी ओढली गेली आणि मागचं चाक लॉक. क्लच दाबला गेला म्हणून मी आज हे लिहितोय. ब्लॉक काढला तर पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू खरवडून त्याचं ॲल्युमिनियम बोअरला चिकटलेलं, आणि मॅग्नेटच्या बाजूचं सील हातात घेतल्यावर नखाने मोडलं. तेव्हापासून सवयच लावून घेतली, जुनी टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. तूही लाव.

आता परत बघायला जाशील तेव्हा मालकांना आधीच सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. मागच्या वेळी तू गेलीस तेव्हा ती चालूच होती, त्यात त्यांचा काही डाव असेल असं मला म्हणायचं नाही, पण गरम इंजिन बरंच काही लपवतं. गेल्यावर ब्लॉकच्या फिनवर हात ठेव, गार पाहिजे. मग किक हाताने हळू दाब, कॉम्प्रेशनला ठाम अडकली पाहिजे आणि मग सुटली पाहिजे. कॉम्प्रेशन मोजायचं गेज मिळालं तर उत्तमच, प्लग काढून तिथे गेज लाव, काढलेला प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेव म्हणजे कॉइलला त्रास होत नाही, रेस पूर्ण उघडी धर (हे विसरलीस तर आकडा खोटा कमी येतो) आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत किक मार. इंजिनाप्रमाणे आकडा बदलतो, पण १२० पीएसआयच्या आसपास असेल तर बरं म्हणायचं, ९० च्या खाली असेल तर रिंगा नाहीतर बोअरचं काम (बोअर मोठा करून मोठा पिस्टन बसवणं) आहे असं धरून चाल.

याहून भारी तपासणी एक पाना आणि एक टॉर्च एवढ्यावर होते आणि ती फक्त टू-स्ट्रोकवरच होते. सायलेंसरचा बेंड ब्लॉकपासून सोडव आणि एक्झॉस्ट पोर्टमधून आत बघ. किक हळूहळू दाबत पिस्टन खालीवर ने, पिस्टनची बाजू आणि रिंगा समोर दिसतात. बारीक उभ्या रेघा ठीक, पण नख अडकेल अशा चरा किंवा लिंपल्यासारखे चकचकीत डाग दिसले तर इंजिन एकदा जाम होऊन गेलंय, मग कोणी काहीही म्हणो. प्लगच्या भोकातून पिस्टनच्या डोक्यावर बघ, ०.२५ किंवा ०.५० असा आकडा ठोकलेला दिसला तर तेवढा ओव्हरसाइज पिस्टन बसलाय म्हणजे बोअर आधी झालाय. ते वाईट नाही, पण अनटच हा शब्द मग बाद, आणि बऱ्याच इंजिनांना ओव्हरसाइज १.०० मिमीपर्यंतच मिळतात त्यामुळे अजून किती बोअर शिल्लक आहेत ते कळतं.

खालचं बेअरिंग बघायला मॅग्नेटचं कव्हर काढ, पिस्टन अर्ध्यावर आण, आणि मॅग्नेट हाताने अगदी थोडा पुढे-मागे हलव. पिस्टन लगेच हलला पाहिजे. मध्ये 'टक्' असा मोकळा झोल जाणवला तर कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग संपलंय, आणि हे जुन्या टू-स्ट्रोकमधलं मोठं काम, कारण क्रँक दाबून बसवलेला असतो, तो प्रेसवर उघडून नवीन पिन-बेअरिंग घालून परत सरळ करावा लागतो आणि डायल गेजवर मिमीच्या शंभराव्या भागात बघावा लागतो. ते ज्याला येतं त्यालाच द्यायचं, हातोड्याने क्रँक सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नाही. रॉड आडवा थोडा सरकतो तो झोल मात्र असायलाच हवा, त्याला घाबरू नको.

यापलीकडे फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून बघ, त्यात फरक असेल तर कितीही देखणी गाडी असली तरी सोडून दे. आणि काय काय जागेवर नाही ते लिहून काढ. सील, बेअरिंग, रिंगा या मापावर मिळणाऱ्या गोष्टी, मूळ कार्बोरेटर, ऑइल पंप, साइड कव्हर, मूळ सायलेंसर या शोधत बसायच्या गोष्टी. इंजिन झिजलेली पण पूर्ण गाडी मी केव्हाही घेईन, पळणारी पण अर्धी गाडी घ्यायच्या आधी दहादा विचार करेन.

तर घेऊ का याचं उत्तर, हो, नंबर जुळत असतील आणि सामान पूर्ण असेल तर घे, पण दोन्ही सील, रिंगा आणि बहुतेक बोअर हे काम आहेच असं धरून किंमत बोल. मालकांना तसं तोंडावर सांग, कारणासकट, त्यांनाही ऐकून घ्यायला बरं वाटेल.

घेतल्यावर कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. क्रम असा, आधी हवा, मग ठिणगी, मग पेट्रोल. उलट्या क्रमाने गेलीस तर गळक्या इंजिनावर कार्बोरेटर जुळवशील, आणि सील बदललं की ती सगळी जुळवणी पुन्हा चुकेल.

हवेसाठी लीक टेस्ट करायची, ही घरी होते. सायलेंसर आणि कार्बोरेटर काढ, इनलेट रबराच्या बुचाने घट्ट बंद कर, एक्झॉस्टला दुसरं बूच लाव आणि त्यातून एक नळी काढ. पिस्टन खाली ठेव म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि खालचा डबा न् वरचा सिलेंडर एक होतो. प्लग जागेवर घट्ट. आता नळीतून हलका दाब भरायचा, ६ पीएसआयच्या आसपास, जास्त नाही, सील उलटं बाहेर येईल. ब्लडप्रेशर बघायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि मीटर याला एकदम फिट बसतो कारण त्याचे ३०० म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय. पाचसहा मिनिटं दाब धरून राहिला तर खाली सगळं ठीक. काटा उतरत असेल तर साबणाचं पाणी घे आणि हेड, ब्लॉकचं पॅकिंग, इनलेट, मॅग्नेट प्लेटच्या मागचं सील असं एकेक ठिकाण बघत जा, फुगे दाखवतात कुठून जातंय ते. क्लच बाजूचं सील बाहेरून दिसत नाही, त्यासाठी गिअर ऑइल भरायच्या तोंडावर साबणाचा पडदा धर, तो फुगला की समज.

सील बदलताना मॅग्नेट पुलरनेच काढ, ठोकून काढलास तर त्याचं चुंबक आणि क्रँकचं टोक दोन्ही धोक्यात. मॅग्नेट बाजूचं सील बऱ्याच इंजिनांना बाहेरूनच बदलता येतं, क्लच बाजूचं काहींना बाहेरून जमतं आणि काहींना इंजिन फाडावंच लागतं. तू मॉडेल लिहिलं नाहीयेस त्यामुळे तुझ्या गाडीचं तिच्या मॅन्युअलमध्ये बघ, पण बाकी सगळं थोड्याफार फरकाने लागू पडेल. या जुन्या टू-स्ट्रोक एकमेकींच्या नात्यातल्याच आहेत, जर्मन डीकेडब्ल्यूची आरटी १२५ युद्धानंतर इतक्या जणांनी उतरवली की बीएसएची बँटम, हार्ले-डेव्हिडसनची १२५ आणि यामाहाची १९५५ सालची पहिलीवहिली वायए-१ या तिघींचं मूळ तीच एक गाडी आहे.

ब्लॉक उचलायची वेळ आलीच तर एक गोष्ट, ब्लॉक सरळ वर ओढायचा, गोल फिरवायचा नाही. रिंगांची तोंडं पिस्टनमधल्या बारीक खिळ्यांना अडवलेली असतात, ब्लॉक फिरवला की रिंगचं टोक पोर्टमध्ये जाऊन अडकतं आणि तुटतं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, पिनच्या दोन्ही सर्क्लिप (पिन जागेवर अडवणाऱ्या बारीक कड्या) नव्याच घालायच्या, आणि त्या घालताना खाली क्रँकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेव, आत पडलेली सर्क्लिप शोधण्यात अख्खा दिवस जातो. बोअर करून आणलास तर पोर्टांच्या कडा घासून बोथट केल्यात का ते बोटाने बघ, धारदार कड नवीन रिंग खाते.

मग ठिणगी. पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) असतील तर साफ कर, काळे खड्डे पडले असतील तर बदल, गॅप साधारण ०.३५ मिमी. पॉइंटवर मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेलाय. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, या गाड्यांमध्ये बरेचदा पिस्टन एकदम वर यायच्या किती मिमी आधी असं दिलेलं असतं, प्लगच्या भोकात डायल गेज लावून ते बघतात, आणि पॉइंट नेमका कधी उघडतो ते कळायला जुने मिस्त्री पॉइंटमध्ये पातळ कागदाची चिठ्ठी धरून हळू ओढत राहायचे, कागद सुटला तो क्षण. आजही चालतं. टायमिंग पुढे गेलं तर गाडी चपळ वाटते आणि तेवढ्यासाठीच लोक ते पुढे ढकलतात, पण पिस्टनच्या डोक्याला भोक पडायचं तेही एक कारण आहे, त्यामुळे मॅन्युअलचा आकडा सोडू नको. प्लग बदलताना कंपनी बघ, एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गार, बॉशमध्ये बरोबर उलटं.

आता मित्राचा जेट. मेन जेट जवळजवळ शेवटच्या पाव रेसमध्ये काम करतो. रेस सोडल्यावर इंजिन रेंगाळतं तो प्रदेश पायलट जेट, एअर स्क्रू आणि स्लाइडचा, मधला अर्धा भाग सुईचा. म्हणजे मोठा मेन जेट तुझ्या तक्रारीपर्यंत पोचतच नाही. कार्बोरेटर पूर्ण खोल, जेट क्लीनरने आणि हवेने साफ कर, तार घालू नको, भोक मोठं होतं. जेटांवरचे आकडे मॅन्युअलशी ताडून बघ, नऊ वर्षांत नाही पण त्याआधी कोणीतरी बदललेले असू शकतात. एअर स्क्रू पूर्ण आत हलकेच टेकवून दीड आटा बाहेर, तिथून इंजिन गरम असताना थोडं इकडे थोडं तिकडे करून जिथे स्लो सगळ्यात स्वच्छ लागतो तिथे थांब. मेन जेटचा अंदाज घ्यायला मोकळ्या सुरक्षित रस्त्यावर पूर्ण रेसवर थोडं अंतर जा, एकदम इंजिन बंद करून क्लच दाब, बाजूला घे आणि प्लग बघ. चहाबिस्किटासारखा तपकिरी असेल तर छान, पांढरा असेल तर परत चालवू नको. आणि एअर फिल्टर काढून टाकायचा मोह झाला तर लक्षात ठेव, तो काढला की सगळं मिश्रण पुन्हा लीन.

सायलेंसरच्या आतली नळी काढण्याबद्दल मी हात जोडून नको म्हणेन. टू-स्ट्रोकचा सायलेंसर इंजिनाचाच भाग आहे, त्यातून परत येणारी दाबाची लाट एक्झॉस्टमधून निसटणारं ताजं पेट्रोल परत सिलेंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी हे लाटेचं गणित असं काही पकडलं की १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनातून २५ हॉर्सपॉवर निघत होते, आणि त्यांचा रायडर एर्न्स्ट डेगनर त्याच वर्षी पश्चिमेकडे पळून गेला आणि ते ज्ञान सुझुकीकडे घेऊन गेला. इतकं नाजूक प्रकरण आहे ते. नळी काढून नुसता आवाज मिळेल. त्याऐवजी ती नळी साफ कर, कार्बनने बुजलेली असणारच, एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बनही लाकडी नाहीतर पितळी पट्टीने खरवड, हरवलेला पिकअप बरेचदा तिथेच सापडतो. कॉस्टिक सोडा वापरलास तर हातमोजे, चष्मा, आणि फक्त लोखंडी भागाला, ॲल्युमिनियम तो खाऊन टाकतो.

राहिला ऑइल पंप. तो ठेव. यामाहाने १९६४ मध्ये ऑटोल्यूब नावाची वेगळ्या ऑइल पंपाची पद्धत आणली तेव्हापासून या पंपांचं काम हेच की रेस आणि आरपीएमप्रमाणे ऑइल कमीजास्त द्यायचं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल मात्र कायम एकाच प्रमाणात राहतं. पंपावर विश्वास बसेपर्यंत त्याची नळी पारदर्शक घाल, हवेचे बुडबुडे काढ, केबलची खूण जुळव, आणि पहिली एकदोन टाकी पेट्रोलमध्येही थोडं ऑइल टाक, ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. ऑइलच्या टाकीतली पातळी उतरताना दिसली की मग पेट्रोलमध्ये ऑइल टाकणं बंद कर. पंप खरंच मेलेला निघाला तर मॅन्युअलमधल्या प्रमाणात मिसळ, २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, आणि अंदाजाने जास्त ओतू नको कारण ऑइल वाढलं की तेवढ्या जागेत पेट्रोल कमी जातं, मिश्रण थोडं लीनच होतं. ऑइल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं घे, बोटींच्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू३ एअर कूल्ड गाडीला नको. आणि मिसळून चालवायची वेळ आली तर लांब उतारावर रेस पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये उतरू नको, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद आणि इंजिन मात्र गरगर फिरतंय. दर थोड्या वेळाने क्लच दाबून एकदा रेस देत राहा.

लीक टेस्ट झाली की काटा किती मिनिटांत किती उतरला, फुगे कुठे आले आणि गाडीचं मॉडेल कुठलं, एवढं लिहून पाठव. सील बाहेरून बदलेल की इंजिन फाडावं लागेल ते मग बघू.